‘मर्यादेत आहे’ म्हणजे नेमके काय?

गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर. या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही ‘रिपोर्ट’ हा शब्द नवा नाही. हवेचा रिपोर्ट येतो, पाण्याचा येतो आणि छातीच्या एक्स-रेचा तर गल्लीगल्लीत येतो. हवेचा रिपोर्ट म्हणतो, सगळे मर्यादेत आहे. एक्स-रेचा रिपोर्ट म्हणतो, नाही. मग आपल्या पोरांमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळे तज्ज्ञ विकले गेलेत. दुसरा म्हणतो, भाई, ते शिकलेले आहेत, आपल्याला काय कळते? मला ही दोन्ही म्हणणी आळशीपणाची वाटतात. दोन्हींमध्ये रिपोर्ट वाचायचे कष्ट वाचतात.

तज्ज्ञांचे एकमत का होत नाही, हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. देवनारचे डंपिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला होता. २००९ पासून शहरातल्या दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा जाळणारा प्रकल्प वस्तीला लागून चालू झाला. या सगळ्यांच्या मध्ये आपण राहतो. कोणत्या तज्ज्ञाचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, त्यावर इथल्या मुलांचे श्वास ठरतात.

मध्यंतरी वस्तीतल्या एका बैठकीला बसलो होतो. एक पर्यावरण अभियंता, एक छातीविकाराचे डॉक्टर, संख्याशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक आणि एक वकील आले होते. चौघेही मनापासून बोलत होते. कुणी कुणाचा दलाल नव्हता, हे मला महत्त्वाचे वाटते. अभियंत्याने सांगितले की कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या दुसऱ्या कक्षात तापमान १०५० अंशांच्या आसपास असावे लागते, धूर तिथे किमान दोन सेकंद राहावा लागतो आणि चिमणी किमान ३० मीटर उंच असावी लागते. २०१६ च्या नियमांनुसार डायॉक्सिनसारख्या विषारी संयुगांची मर्यादा एका घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅम आहे. भट्टी नियमाप्रमाणे चालली तर धोका फार कमी, असे त्याचे म्हणणे. डॉक्टर म्हणाले, मला भट्टी माहीत नाही, मला माझी ओपीडी माहीत आहे. प्राध्यापकांनी विचारले, तुमच्या ओपीडीत येणारे रुग्ण किती लोकवस्तीतून येतात? ती संख्या कळल्याशिवाय प्रमाण कसे काढणार? वकिलाला एवढेच हवे होते की कोर्टात कागद म्हणून काय टिकेल.

मागे बसलेल्या एका खालांनी तेव्हा म्हटले, “मशीन आई थी उस दिन तो धुआँ ही नहीं था, साहब.”

लोक हसले, पण खालांचा मुद्दा अभियंत्याच्या मुद्द्याइतकाच तांत्रिक होता. डायॉक्सिनची तपासणी नियमानुसार वर्षातून एकदा करायची असते. भट्टी पेटवताना, विझवताना किंवा ओला कचरा एकदम टाकल्यावर तापमान खाली येते आणि अर्धवट जळलेला धूर नेमका तेव्हा निघतो. एका दिवसाचा नमुना त्या दिवसाबद्दल खरे बोलतो. उरलेल्या ३६४ दिवसांबद्दल तो काही बोलतच नाही. बोलतो असे आपण समजून चालतो. अभियंत्याने हे लगेच मान्य केले, हेही सांगायला हवे. त्याचे शिक्षण त्याला यंत्र नीट चालले तर काय होईल ते सांगते. डॉक्टरचे शिक्षण बिघडल्यावर काय होते तिथून सुरू होते. एकाच चिमणीकडे दोघे दोन टोकांनी पाहतात.

हे माझे निरीक्षण नाही, यावर अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत १९९२ साली क्रॉस, माल्मफोर्स आणि स्लोविक यांनी विषशास्त्रज्ञ आणि सामान्य लोक रसायनांच्या धोक्याकडे कसे पाहतात ते तपासले. शास्त्रज्ञ मात्रेवर भर देत होते, म्हणजे किती पोटात गेले हे महत्त्वाचे. लोकांना विष म्हणजे विष, थोडे काय नि जास्त काय. इथपर्यंत अपेक्षितच. पण शास्त्रज्ञांचे आपसातही पटत नव्हते. प्राण्यांवरच्या प्रयोगावरून माणसाला होणारा अपाय सांगता येतो का, या अगदी पायाभूत प्रश्नावर त्यांची मते फाटलेली होती. आणि उद्योगात नोकरी करणाऱ्या विषशास्त्रज्ञांना रसायने विद्यापीठातल्या सहकाऱ्यांपेक्षा कमी धोक्याची वाटत होती. पुढच्याच वर्षी बार्क आणि जेन्किन्स-स्मिथ यांचा अभ्यास आला, अणुऊर्जा आणि अणुकचऱ्याबद्दल. जीवशास्त्राकडच्या शास्त्रज्ञांना धोका जास्त दिसत होता. भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि अभियंत्यांना कमी.

यावरून ‘बघा, विकले गेलेत’ असे म्हणता येत नाही. माणूस ज्या दालनात वीस वर्षे बसतो, तिथली खिडकी त्याला जग दाखवते. पण म्हणून ‘सगळीच मते सारखी’ असेही नाही. तज्ज्ञाचा पगार कुठून येतो, हा प्रश्न विचारणे उद्धटपणा नाही. तो नम्रपणे विचारावा आणि उत्तराने लगेच निकाल लावू नये.

आणखी एक गोष्ट. १९९४ मध्ये फ्लिन, स्लोविक आणि मर्ट्झ यांनी दाखवले की अमेरिकेत सगळ्या प्रकारचे धोके सर्वांत कमी वाटतात ते गोऱ्या पुरुषांना. गोऱ्या स्त्रियांना, काळ्या स्त्री-पुरुषांना तेच धोके मोठे वाटतात. कारण शोधताना अभ्यासकांनी सत्ता, विश्वास आणि निर्णयातला वाटा यांच्याकडे बोट दाखवले. ज्याच्या हातात सुकाणू असते त्याला गाडीचा वेग कमी वाटतो. आपल्या वस्तीला धोका ‘उगाच मोठा वाटतो’ असे कुणी म्हणाले तर हे ध्यानात ठेवावे.

मतभेदाचे मूळ मात्र मला आणखी खाली दिसते. प्रत्येक तज्ज्ञाला कोणती चूक परवडत नाही, यात ते आहे. चुका दोन प्रकारच्या. धोका नसताना घंटा वाजवणे ही एक. धोका असताना घंटा न वाजवणे ही दुसरी. प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाला पहिली चूक जास्त टोचते, कारण खोटा निष्कर्ष छापला तर त्याचे नाव जाते. म्हणून तो भक्कम पुरावा मिळेपर्यंत ‘सिद्ध झाले नाही’ म्हणतो. त्या वाक्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही, पण सरकारी पत्रात उतरताना तो बेमालूम तसाच होतो. दवाखान्यातल्या डॉक्टरला दुसरी चूक टोचते, कारण चुकलेला रुग्ण समोर मरतो. दोघेही प्रामाणिक, दोघांची भीती वेगळी. आणि ज्याच्या घरात पंप घेणारे पोर आहे, त्याला कोणती चूक परवडत नाही, हे कुठल्या समितीने आजवर विचारले आहे?

‘मर्यादा’ या शब्दाचेही असेच. हवेतल्या पीएम २.५ कणांची भारतातली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, २००९ पासून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी ५ आहे. समजा एखाद्या वस्तीत ३८ आली. अधिकारी म्हणेल मर्यादेत, डॉक्टर म्हणेल साडेसात पट जास्त. दोघेही खरे बोलले. एकाने कायदा सांगितला, दुसऱ्याने फुप्फुस सांगितले. मर्यादा ठरवताना शास्त्राबरोबर खर्च, उद्योग, अंमलबजावणी हे सगळे तोलले जाते. तोलायला हरकत नाही. फक्त तो तोललेला आकडा आहे, निसर्गाने आखलेली रेघ नाही, हे उघड सांगावे.

शिशाची गोष्ट यासाठी प्रत्येकाने वाचावी. १९२० च्या दशकात अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिसे मिसळायला सुरुवात झाली. रॉबर्ट किहो हे उद्योगाशी जोडलेले डॉक्टर चार दशके या विषयातले शेवटचा शब्द मानले गेले. त्यांचा युक्तिवाद असा की शिसे निसर्गातच आहे, सगळ्यांच्या रक्तात थोडे असतेच, विशिष्ट पातळीच्या खाली ते अपाय करत नाही आणि अपाय सिद्ध झाला तरच बंदीचे बोलावे. मग १९६५ मध्ये एक माणूस उठला, जो डॉक्टर नव्हताच. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ, पृथ्वीचे वय मोजणारे. खडकांतले शिसे मोजताना त्यांना प्रयोगशाळेत, हवेत, बर्फात, सगळीकडे शिसे सापडत राहिले. ते म्हणाले की तुम्ही ज्याला नैसर्गिक म्हणता ते फक्त नेहमीचे आहे. नैसर्गिक पातळी त्याच्या कितीतरी खाली आहे. डॉक्टरांना हे सुचले नाही, कारण ते शिशाने माखलेल्या माणसांची तुलना थोड्या कमी माखलेल्या माणसांशी करत होते. त्यानंतर हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजून ते बुद्धीशी जोडून दाखवले. अमेरिकेत मुलांच्या रक्तातली काळजी करण्याची पातळी १९६० च्या दशकातल्या ६० मायक्रोग्रॅमवरून उतरत १९९१ मध्ये १० आणि २०२१ मध्ये ३.५ वर आली. भारतातून शिशाचे पेट्रोल २००० साली गेले. म्हणजे या लेखाच्या अनेक वाचकांचे मोठे भाऊ-बहीण ‘मर्यादेतले’ शिसे घेत वाढले.

(शिसे आलेच आहे तर एक घरातली गोष्ट. आपल्याकडे बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालतात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सुरम्यांत मुख्य घटक शिशाचा सल्फाइड असतो, हे रसायनशास्त्रज्ञांनी वारंवार दाखवले आहे. बाळ डोळे चोळते आणि बोटे तोंडात घालते. याबद्दल दादीअम्मीशी बोलायला कोणत्याही मोर्चाची गरज नाही, पण चिमणीविरुद्ध घोषणा देण्यापेक्षा ते अवघड आहे, हे मी जाणतो.)

वेगवेगळ्या विषयांचे लोक एकत्र बसले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच एम-पूर्व विभागात आहे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. तिन्ही पुनर्वसनाच्या वसाहती, तिन्हींकडे गरीब माणसे. पहिल्या दोन ठिकाणी क्षयरोग तिसऱ्या ठिकाणापेक्षा कितीतरी जास्त. नुसत्या डॉक्टरला विचारले असते तर त्याने कुपोषण, अर्धवट सोडलेली औषधे, गर्दी अशी कारणे सांगितली असती, आणि तीही खोटी नाहीत. पण ‘डॉक्टर्स फॉर यू’चे डॉक्टर आणि आयआयटी मुंबईचे अभ्यासक यांनी इमारतींमधले अंतर, खालच्या मजल्यांवर येणारा उजेड आणि खेळणारा वारा मोजला. जिथे दोन इमारतींत जेमतेम तीन मीटरची फट, तिथे घरात ऊनही नाही आणि हवाही नाही. जंतू घरात शिरला की तिथेच राहतो. डॉक्टरने रोगी पाहिला होता, वास्तुशास्त्राच्या माणसाने फट पाहिली. क्षयाच्या लढाईत इमारतींचे नियम हेसुद्धा औषध आहे, हे दोघे एकत्र आले तेव्हा कळले. आपल्या वस्तीतल्या किती मुलांना वास्तुशास्त्र शिकताना हे सांगितले जाते, देव जाणे.

माहुलचे प्रकरण याच्या उलट बाजूने बघण्यासारखे आहे. रिफायनऱ्यांच्या कुशीत, प्रकल्पग्रस्तांसाठी इमारती उभ्या केल्या. २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाने त्या परिसरात सर्वेक्षण केले होते. ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती, ८४.५ टक्क्यांना छातीत गुदमरल्यासारखे होत होते, ८६.६ टक्क्यांचे डोळे चुरचुरत होते. कडक संशोधक लगेच विचारेल की ही लोकांनी सांगितलेली लक्षणे आहेत. दुसऱ्या वस्तीत हेच विचारले तर किती येतील? प्रश्न रास्त आहे. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये तो प्रश्न सुटेपर्यंत थांबायचे नाकारले आणि रहिवाशांच्या आरोग्याला जाणवण्याजोगा धोका आहे असे म्हटले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेघर झालेल्यांना माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. कायद्याला निकाल द्यावा लागतो, शास्त्राला थांबता येते. हा फरक मोठा आहे.

न्यायालये असे करू शकतात, कारण सावधगिरीचे तत्त्व आपल्या कायद्यात आहे. १९९६ च्या वेल्लोर नागरिक मंच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. गंभीर हानीची शक्यता असेल तर पुरावा अपुरा आहे म्हणून हात बांधून बसायचे नाही. आणि आपले काम निरुपद्रवी आहे हे दाखवायची जबाबदारी ते करणाऱ्याची. फिकहशास्त्रातही लाभ मिळवण्याआधी हानी टाळावी असे सूत्र आहे. लगेच ‘आपल्याकडे हे आधीच होते’ म्हणून टाळ्या वाजवू नयेत, कारण ते सूत्र आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि मशिदीबाहेर कचरा जाळताना विसरतो. पण ज्यांना धर्माची भाषा जवळची वाटते त्यांच्याशी बोलताना ते उपयोगी आहे. ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून दमा स्वीकारणाऱ्या चाचांना हे सांगून पाहावे.

हे तत्त्व आपल्या सोयीचे असेल तेव्हाच आठवले तर मात्र फसगत. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. या धंद्यात आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत, मालक म्हणून आणि भट्टीसमोर घाम गाळणारे कामगार म्हणूनही. ताबडतोब आपल्या गटांत सूर उमटला: पावाच्या भट्टीने असे किती प्रदूषण होते? पुरावा कुठे आहे? आधी बांधकामांची धूळ बघा! हे वाक्य ओळखीचे वाटले नाही का? रिफायनरीचे वकील हेच बोलतात. भट्टीत जाते ते बहुतेक भंगार फर्निचरचे लाकूड, रंग-पॉलिशसकट. त्याचा पहिला धूर भट्टीवरच्या पोराच्या छातीत जातो, शेजारच्याच्या नंतर. त्याच वेळी वीज किंवा गॅसवर जायचा खर्च छोट्या बेकरीला झेपत नाही, हेही खोटे नाही. इथे अर्थशास्त्राच्या माणसाचे ऐकायला हवे. भांडायचे असेल तर मदतीसाठी आणि मुदतीसाठी भांडावे. धूर नाहीच म्हणून भांडू नये.

आकड्यांबाबतही आपण थोडे कडक व्हायला हवे. एम-पूर्व विभागात सरासरी वय ३९ वर्षे, हे वाक्य भाषणांत वर्षानुवर्षे फिरते. लोकसंख्याशास्त्राचा माणूस पहिल्यांदा विचारेल, हे आयुर्मान आहे की मरताना असलेले सरासरी वय? दोन्हीत फार अंतर आहे. ज्या वस्तीत तरुण आणि बाळे जास्त, तिथे मृतांचे सरासरी वय आपोआप कमी येते. बालमृत्यूंचे दुःख त्यात आहेच, पण ‘इथला माणूस ३९ व्या वर्षी मरतो’ असा त्याचा अर्थ लावता येत नाही. समोरच्या वकिलाने हा प्रश्न कोर्टात विचारला तर आपली बाजू त्या एका आकड्याबरोबर कोसळते. आपली बाजू खरी आहे. तिला फुगवलेल्या आकड्याची गरज नाही.

म्हणून मला वाटते, आपल्या मंडळांनी यंदा एखादे कमी संमेलन घ्यावे आणि एक नोंदवही सुरू करावी. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, धूर किंवा वास, त्या दिवशी गल्लीतल्या किती मुलांना पंप किंवा दवाखाना लागला. वस्तीची एकूण मुले किती, हे आधी मोजून ठेवावे, नाहीतर प्राध्यापक पुन्हा तोच प्रश्न विचारतील. आणि शक्य असेल तर डंपिंगपासून लांब असलेल्या एखाद्या मोहल्ल्यात हीच नोंद मित्रांकडून करून घ्यावी. बारावी झालेली मुलगी हे करू शकते. खालांनी जे एका वाक्यात म्हटले ते ३६५ ओळींत लिहिलेले असेल तर अभियंता, डॉक्टर, प्राध्यापक आणि वकील, चौघांनाही ते वापरता येते.

ही वही आता लगेच कामाला येईल अशी एक जागा आहे, आणि ती गोवंडीत नाही. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने जैववैद्यकीय कचऱ्याचा प्रकल्प दोन वर्षांत दुसरीकडे हलवायला सांगितले. जागा पुढे आली ती रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातली जांभिवली. आमच्या गल्लीत मिठाई वाटली गेली, आणि का वाटू नये? पण मुंबईच्या दवाखान्यांतला कचरा काही कमी झालेला नाही. तो आता दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी जळणार. तिथल्या ग्रामसभेत हेच चौघे जातील, एक दिवसाचा नमुना दाखवतील आणि ‘मर्यादेत आहे’ म्हणतील. तपासणी कोणत्या दिवशी झाली, भट्टी पेटवतानाचे तापमान नोंदले का, प्रकल्प येण्याआधी गावातल्या किती मुलांना दमा होता, हे प्रश्न तिथल्या लोकांनी आधीच विचारायला हवेत. प्रकल्प येण्याआधीची नोंद आमच्याकडे नव्हती. त्यांना ती ठेवायला अजून वाव असेल, तर वहीचा नमुना आणि आमच्या जुन्या तक्रारींच्या प्रती घेऊन दोन-तीन जणांनी तिकडे जाऊन यावे, असे मी आमच्या मंडळापुढे मांडले आहे.